चाल सोडली, तरी गाणं तेच?

भावगीतांच्या कार्यक्रमात नव्या गायकाची परीक्षा बहुधा एकाच प्रश्नावर होते: मूळ तबकडीसारखं जमलं का? एखादी हरकत इकडची तिकडे झाली, मधला बासरीचा तुकडा वाजायचा राहिला, की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. जॅझ ऐकणाऱ्याची अपेक्षा याच्या अगदी उलट असते. जुनं गाणं कुणी हुबेहूब वाजवलं तर तो विचारतो, मग तू वाजवलंसच कशाला?

यातून एक खरं कोडं उभं राहतं. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकाने 'बॉडी अँड सोल' हे गाणं मुद्रित केलं. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. तिच्यात शब्द नाहीत. ओळखीची चाल सुरुवातीला थोडा वेळ येते आणि मग जी जाते ती शेवटपर्यंत परत येत नाही. तरीही या गाण्याची सर्वात गाजलेली आवृत्ती कोणती, असं विचारलं तर बहुतेक जाणकार याच तबकडीचं नाव घेतात. शब्द नाहीत, चाल नाही, तर मग त्यात गाणं आहे कुठे?

लंडनमार्गे न्यूयॉर्कला

१९३० साली जॉनी ग्रीन या तरुण अमेरिकी संगीतकाराने हे गाणं गर्ट्रूड लॉरेन्स या ब्रिटिश अभिनेत्रीसाठी रचलं. तेव्हा त्याला बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. शब्दांवर एडवर्ड हेमन, रॉबर्ट सावर आणि फ्रँक आयटन अशा तिघांची नावं आहेत. गाणं आधी लंडनमध्ये गाजलं. मग त्याच वर्षी ब्रॉडवेवरच्या 'थ्रीज अ क्राउड' या कार्यक्रमात लिबी होल्मनने ते गायलं आणि अमेरिकेनेही ते उचललं. लुई आर्मस्ट्राँगने तर १९३० च्या ऑक्टोबरातच त्याची तबकडी काढली. विषय प्रेमातल्या अगतिकतेचा, म्हणजे त्या काळच्या नाट्यगीतांचा नेहमीचाच. तशी शेकडो गाणी तेव्हा लिहिली गेली आणि विसरलीही गेली.

हे टिकलं ते वादकांमुळे. ज्या गाण्यावर वादक पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या परीने खेळत राहतात, जे कोणत्याही मैफलीत सरावाशिवाय सुरू करता येतं, त्याला जॅझमध्ये 'स्टँडर्ड' म्हणतात. वादकांना या गाण्यात असं काय सापडलं, हे कळायला त्याचा सांगाडा उघडावा लागेल.

मुक्काम ठरलेले, चाल ज्याची त्याची

हार्मोनियमवर सा, ग आणि प एकदम दाबले की जो एकत्रित नाद येतो, तो कॉर्ड. आपल्या रागसंगीतात त्याला जागा नाही, पण मराठी कानाला तो मुळीच परका नाही. सी. रामचंद्रांनी 'अलबेला'साठी गोव्याच्या चिक चॉकलेटचा बँड वापरला, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझांनी केली. हॉटेलांमध्ये जॅझ वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांच्या हातून कॉर्ड आपल्या सिनेसंगीतात कधीच मुरले आहेत.

पाश्चात्त्य गाण्यात चालीच्या खाली अशा कॉर्डची एक मालिका वाहत असते. कोणता कॉर्ड कधी येणार आणि किती मात्रा थांबणार, हे ठरलेलं असतं. आळंदीहून निघालेली पालखी आठवा. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण असे मुक्काम ठरलेले, त्यांचा क्रम ठरलेला, तिथे पोचायचा दिवसही ठरलेला. पण दोन मुक्कामांच्या मधे कोण अभंग म्हणत जातो, कोण फुगडी घालतो, कोण मुकाट चालतो, हे ज्याचं त्याच्याकडे. कॉर्डची मालिका म्हणजे हे मुक्काम. मूळ चाल म्हणजे त्या वाटेवरून एकदा कुणीतरी चाललेली, सर्वांना ठाऊक झालेली पावलं. जॅझवादक ती पावलं सोडतो, मुक्काम सोडत नाही. आणि साथीला पियानो, बास आणि ड्रम वाजवणारे तेच मुक्काम धरून चालत असतात, म्हणून कुणी हरवत नाही.

आता हीच वाट जरा जवळून पाहू. गाण्याची एक फेरी ३२ बारांची. बार म्हणजे चार मात्रांचा गट. म्हणजे एका फेरीच्या १२८ मात्रा, आपल्या हिशेबात तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. या ३२ बारांचे आठ-आठचे चार भाग पडतात. पहिला, दुसरा आणि चौथा जवळजवळ सारखे, तिसरा वेगळा. या तिसऱ्या भागाला 'ब्रिज' म्हणतात. एक फेरी संपली की दुसरी सुरू. वादक किती फेऱ्या घेतो हे त्याच्या दमावर आणि तबकडीवरच्या जागेवर अवलंबून.

असा साचा त्या काळच्या बहुसंख्य गाण्यांचा होता. 'बॉडी अँड सोल'चा ब्रिज मात्र अवघड आहे, या वाटेवरचा दिवे घाटच. गाणं सुरू होतं ते हार्मोनियमच्या भाषेत काळी एकमध्ये. ब्रिज येताच पट्टी अर्ध्या सुराने चढते आणि पांढरी दोनमध्ये जाते. चार बार तिथे काढून ती पांढरी एकवर उतरते, आणि शेवटच्या बारात अर्ध्या-अर्ध्या सुराने घसरत पुन्हा मूळ काळी एकच्या वाटेला लागते. या तिन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी आहेत म्हणून फरक किरकोळ वाटेल, पण काळी एकचं शुद्ध स्वरांचं सप्तक आणि पांढरी दोनचं सप्तक यांत सातपैकी फक्त दोन सूर सामाईक आहेत. म्हणजे एका क्षणात पाच सूर बदलतात. आयुष्यभर एकाच आधार षड्जावर ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना इथे पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते, आणि तसं वाटावं अशीच ग्रीनची इच्छा असणार. शिवाय या गाण्यात कॉर्ड भराभर बदलतात, पुष्कळदा दर दोन मात्रांना. सपाट रस्त्यावर कुणीही धावेल. वळणाचा रस्ता कसबी माणसाला खुणावतो.

चौकट: 'बॉडी अँड सोल' हाताशी ठेवण्यापुरतं
रचना: १९३०, जॉनी ग्रीन.
आकार: ८ + ८ + ८ (ब्रिज) + ८ = ३२ बार.
पट्टी: काळी एक, ब्रिजमध्ये पांढरी दोन, मग पांढरी एक, मग परत.
ऐकताना खूण: १६ बार संपले की सूर अचानक वर उचलला जातो. चाल ओळखू आली नाही तरी हा चढ पकडा, म्हणजे आपण गाण्यात कुठे आहोत ते कळतं.

हॉकिन्सच्या दोन फेऱ्या

हॉकिन्स १९३४ साली युरोपला गेला आणि पाच वर्षं तिकडेच राहिला. १९३९ च्या उन्हाळ्यात परतला तेव्हा पुढची पोरं त्याच्या जागेवर हक्क सांगायला तयार उभी होती. अशा वेळी त्याने ही तबकडी केली. जीन रॉजर्सचा पियानो चार बार वाट मोकळी करून देतो आणि हॉकिन्स आत शिरतो. पहिले आठ बार तो चालीच्या बोटाला धरून आहे. अगदी जशीच्या तशी नव्हे, पण ओळखू येईल इतपत. नवव्या बारापासून तो बोट सोडतो.

तिथून पुढे तो काय करतो? कॉर्ड एकदम वाजतो, पण सॅक्सोफोनवर एका वेळी एकच सूर निघतो. म्हणून हॉकिन्स कॉर्डमधले सूर सुटे करून, एकामागून एक, खालून वर आणि वरून खाली विणत जातो. दोन मुक्कामांच्या मधे तो स्वतःचे आणखी छोटे मुक्काम घालतो, म्हणजे एका कॉर्डहून दुसऱ्यावर जाताना मधलाच एखादा कॉर्ड सुचवून जातो. परिणाम असा की साथ बंद करून नुसता त्याचा सॅक्सोफोन ऐकला, तरी खालची मालिका कानात उभी राहते. चाल सोडूनही गाणं राहतं ते असं. पहिल्या फेरीत तो जवळजवळ पुटपुटतो. दुसऱ्या फेरीत बँडचे लांब सूर मागे येतात आणि त्याचा आवाज चढू लागतो, सूर वरच्या सप्तकात सरकतात, आणि कळस येतो तो दुसरी फेरी संपता संपता.

दोनच फेऱ्या का, याचं उत्तर रुक्ष आहे: ७८ गतीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीनच मिनिटं मावायची. एवढ्या संथ लयीत तेवढ्या वेळात ६४ बार बसतात. पण मला वाटतं या अडचणीनेच त्या तबकडीला आकार दिला. पुढे लांब तबकड्या आल्यावर पुष्कळांनी या गाण्यावर दहा-दहा मिनिटं वाजवलं. त्यातलं फार थोडं इतकं नेमकं आहे.

आणखी एक नवल म्हणजे हे लोकांना आवडलं. चाल नसलेलं, शब्द नसलेलं वादन ज्यूकबॉक्समध्ये पैसे टाकून ऐकलं गेलं. यानंतर टेनर सॅक्सोफोन हाती घेणाऱ्या प्रत्येकाला 'बॉडी अँड सोल'शी कधी ना कधी गाठ घालावीच लागली.

लयीचे खेळ

हॉकिन्सच्या आधीच्या आवृत्त्या ऐकल्या तर त्याने काय फेकलं ते अधिक कळतं. १९३५ ची बेनी गुडमन ट्रिओची तबकडी घ्या. क्लॅरिनेटवर गुडमन, पियानोवर टेडी विल्सन, ड्रमवर जीन क्रूपा, बास नाहीच. गुडमन चालीला सोडत नाही, तिला फक्त हलक्या हाताने सजवतो. खरी करामत विल्सनची आहे. बासची उणीव तो डाव्या हाताने अशी भरून काढतो की ती जाणवतही नाही. गुडमन आणि क्रूपा गोरे, विल्सन कृष्णवर्णीय. अमेरिकेत तेव्हा अशा तिघांनी स्टुडिओत एकत्र वाजवणं चालून जाई, लोकांसमोर बसणं अवघड होतं. ते त्यांनी पुढच्या वर्षी शिकागोत केलं.

१९३८ मध्ये चू बेरी आणि रॉय एल्ड्रिज यांनी वेगळंच केलं. बेरीचा सॅक्सोफोन संथ सुरू होतो, मग एल्ड्रिजचा ट्रम्पेट येतो आणि लय एकदम दुगुन होते. आपल्याकडे दुगुन म्हणताच जे समजतं, तेच इथे. मुक्काम ठरल्या वेळीच येतात, पण दोन मुक्कामांतली पावलं दुप्पट होतात. ऐकणाऱ्याला वाटतं गाणं पळायला लागलं; खरं तर रस्ता तेवढ्याच वेळात संपतो.

हे दिसतं तितकं सोपं नाही, याचा पुरावा चार्ली पार्कर. पुढे सॅक्सोफोनचा इतिहास ज्याने बदलला, तो पार्कर कॅन्सस सिटीत पोरसवदा असताना एका जॅमसेशनमध्ये याच गाण्यात दुगुन करायला गेला आणि फसला. सगळे हसले. तो घरी गेला, रडला, आणि तीन महिने वाद्याला हात लावला नाही. हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं आहे.

एकच बाई, दोन आवृत्त्या

गाणाऱ्यांना हॉकिन्ससारखं मोकाट जाता येत नाही. शब्द त्यांना चालीशी बांधून ठेवतात. बिली हॉलिडेने यातून काढलेली वाट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. १९४० च्या तिच्या मुद्रणात ती चालीतले चढउतार कमी करते. जिथे मूळ चाल उडी घेते, तिथे ती जवळच्याच सुरावर राहते. आणि मुख्य म्हणजे ती उशिरा येते. ठेका पुढे गेलेला असतो, शब्द मागून येतो, कधी अर्धी मात्रा, कधी त्याहून जास्त, आणि ओळीच्या शेवटी ती बरोबर हिशेब चुकता करते. समेला सैल पोचण्याची मजा ठुमरीच्या श्रोत्याला सांगायला नको.

तिनेच हे गाणं १९५७ मध्ये पुन्हा गायलं. सोबत बेन वेब्स्टरचा सॅक्सोफोन आणि हॅरी एडिसनचा ट्रम्पेट. तबकडी आता लांब झाली होती, त्यामुळे हे मुद्रण आधीच्या जवळपास दुप्पट आहे. आवाज मात्र झिजलेला, पल्ला आखूड, सुराला किंचित खरखर. दोन वर्षांनी ती गेली. काही जण म्हणतात की या खचलेल्या आवाजामुळेच ते गाणं खरं वाटतं. मला ते पुरतं पटत नाही. १९४० ची हॉलिडे याहून कमी खरी नव्हती. फरक आहे तो सुटण्याचा. तरुणपणी ती उशीर करते आणि भरून काढते. १९५७ मध्ये ती उशीर करते आणि काही वेळा तो तसाच राहू देते. दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐका. तेच गाणं, तीच गायिका, आणि बदललेलं असं नेमकं काय हे कानाला सुटं करून ऐकू येतं. आवृत्त्यांची तुलना शिकायला याहून चांगला धडा नाही.

घाटच बदलला

इथवर सगळ्यांनी मुक्काम पाळले. जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाने १९६० च्या ऑक्टोबरात त्यांनाच हात घातला. ही तबकडी १९६४ मध्ये 'कोल्ट्रेन्स साउंड' या संग्रहात बाहेर आली. सुरुवातीला मॅकॉय टायनर पियानोवर एक छोटा तुकडा घोळवत राहतो. खाली बास कॉर्डबरोबर हलायचं सोडून एकाच सुरावर, पंचमावर, ठाण मांडतो. मूळ गाण्यात जिथे पावलागणिक वळण होतं, तिथे आता मोकळं मैदान झालं. लयही नेहमीच्या रडव्या संथपणाहून जलद आहे.

ब्रिजमध्ये तो उलट करतो. तिथे वळणं वाढवतो. मुळात पांढरी दोनमध्ये शांतपणे काढायच्या बारांत तो पांढरी दोन, काळी पाच, काळी तीन अशा तीन पट्ट्यांतून फिरून परत येतो. हार्मोनियमवर मोजून पाहा: या तिन्ही एकमेकींपासून बरोबर चार-चार पट्ट्यांवर आहेत. सप्तकाच्या बारा सुरांचे तीन समान भाग. असे भाग पाडून फिरण्याचा अभ्यास त्याने आदल्या वर्षी 'जायंट स्टेप्स'मध्ये केला होता. तो त्याने इथे तीस वर्षं जुन्या प्रेमगीतात आणून बसवला. गंमत म्हणजे सगळी मोडतोड करूनही चाल त्याने ठेवली आहे, आणि तीही हॉकिन्सपेक्षा कितीतरी प्रामाणिकपणे. हॉकिन्सने वाट ठेवून पावलं बदलली; कोल्ट्रेनने पावलं ठेवून वाट बदलली. पुढे डेक्स्टर गॉर्डनने या बदललेल्या वाटेचा बराच भाग स्वतःच्या वादनात घेतला, म्हणजे आवृत्तीचीच आवृत्ती झाली. कोल्ट्रेनला याच काळात भारतीय संगीताची ओढ लागली होती. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं. बासला एका सुरावर बसवण्यामागे ती ओढ होती असं मात्र मी म्हणणार नाही. ती युक्ती पाश्चात्त्य संगीतात जुनीच आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. थेलोनियस मंकने 'मंक्स ड्रीम'मध्ये हे एकट्याने पियानोवर वाजवलं. तो शेजारचे दोन सूर मुद्दाम एकत्र ठोकतो आणि हळवं गाणं खडबडीत करून टाकतो. एस्पेरांझा स्पाल्डिंगने २००८ मध्ये ते स्पॅनिशमध्ये गायलं आणि चार मात्रांचा बार पाचांचा केला. टोनी बेनेट आणि एमी वाइनहाउस यांचं २०११ चं मुद्रण तिच्या मृत्यूमुळे भावुकपणे ऐकलं जातं. ते बाजूला ठेवूनही त्यात एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे: बेनेट चाल सरळ धरतो, वाइनहाउस तिला ओढते, आणि एकाच तबकडीत दोन आवृत्त्या शेजारी उभ्या राहतात. द मॅनहॅटन ट्रान्स्फरने १९७९ मध्ये केलेलं तर त्याहून विचित्र. हॉकिन्सने जागच्या जागी रचलेल्या वादनावर एडी जेफरसनने शब्द बसवले होते. त्याच वाटेने जाऊन या चौघांनी तो सॅक्सोफोन गायला. हॉकिन्सने ज्या चालीला रजा दिली, तिच्या जागी त्याचं वादनच आता चाल झालं होतं.

गाण्याचा मालक कोण?

इतक्या आवृत्त्या निघू शकल्या त्याला कायद्याचंही कारण आहे. अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद होती की रचनाकाराने एकदा कुणाला मुद्रणाची परवानगी दिली, की पुढे कुणीही प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देऊन ते गाणं मुद्रित करू शकेल. रचनाकाराला नाही म्हणता येत नसे. हा दोन सेंटांचा दर जवळजवळ सत्तर वर्षं टिकला.

मात्र हा हक्क मिळायचा तो चाल आणि शब्द यांवर. कॉर्डची मालिका कायद्याच्या दृष्टीने कुणाच्या मालकीची नव्हती. म्हणजे वादक ज्याला गाणं समजत होते ते फुकट, आणि ज्याला ते बाजूला सारत होते त्याचे पैसे. हॉकिन्सच्या १९३९ च्या तबकडीत ग्रीनची चाल आठच बार आहे, पण तिच्यावर नाव ग्रीनच्या गाण्याचं. १९४४ मध्ये हॉकिन्सने त्याच कॉर्डवर पुन्हा वाजवलं, बँडमध्ये डिझी गिलेस्पी होता, आणि या वेळी सुरुवातीची ती ओळखीची चाल गाळून टाकली. झालं, गाणं नवं ठरलं. नाव 'रेनबो मिस्ट'. चाळिशीच्या दशकातल्या तरुण वादकांनी तर याचा सपाटाच लावला: जुने मुक्काम, नवी चाल, नवं नाव.

१ जानेवारी २०२६ पासून ग्रीनची मूळ रचना अमेरिकेत सर्वांसाठी खुली झाली आहे. ९५ वर्षं भरली. ध्वनिमुद्रणांचा हिशेब वेगळा. १९२३ ते १९४६ या काळातल्या तबकड्यांना तिथे शंभर वर्षांचं संरक्षण आहे. त्यामुळे 'बॉडी अँड सोल' आज अमेरिकेत कुणीही विनापरवाना, विनामोबदला गाऊ-वाजवू शकतो. हॉकिन्सच्या त्या तीन मिनिटांची तबकडी मात्र अजून राखीव आहे.